गोडादऱ्यातलं अस्वल

आम्ही छावणी सोडली त्या सकाळी गुडघाभर बर्फ साचलं होतं. सामानाचा ट्रक वरपर्यंत येईना, म्हणून ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, देव्हारा, भांड्यांचं पोतं असं एकेक करून खालच्या वळणापर्यंत न्यावं लागलं. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि कुमाऊंच्या डोंगरातली ती त्यांची शेवटची बदली होती. सगळे घाईत होते. ह्यांच्या तुकडीतली पोरं सामान उचलत होती, मी क्वार्टरला कुलूप लावत होते, आणि आमचा कुत्रा मात्र अंगणातल्या बर्फात पाठीवर पडून, चारी पाय वर करून लोळत होता. आपण कुठे चाललोय याची त्याला काडीची कल्पना नव्हती. तशी ती मलाही नव्हती. सुरत मी आयुष्यात पाहिलेली नव्हती.

त्याला नाव आहे. ते आमच्या लेकीने ठेवलंय, आणि ते घरातच राहू दे. मेंढरं राखणाऱ्या डोंगरी लोकांकडे असतात ना, तसला तो भोटिया कुत्रा. काळाकुट्ट, छातीवर पांढरा डाग, मानेभोवती सिंहासारखी आयाळ. लेकीने त्याला शाळेतून येताना जॅकेटच्या आत घालून आणलं तेव्हा तो ओंजळीत मावत होता. मग बारावी होऊन ती नर्सिंग शिकायला नाशिकला गेली. जाताना मला म्हणाली, "आई, बाबा रिटायर झाले की तुम्ही कुठेही जा, पण याला इथे सोडून जाऊ नका." मी हो म्हटलं होतं. त्या वेळी तो माझ्या कमरेएवढा झाला होता आणि अजून वाढत होता.

आमचं गाव धुळे जिल्ह्यात, तापीकाठाला. पण गावी घर भावाभावांत वाटलं गेलेलं, आणि बसून राहणं ह्यांना जमणारं नव्हतं. फौजेतल्या एका जुन्या सोबत्याने सुरतेजवळ पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी बघून ठेवली. राहायला सुरतेतल्याच गोडादऱ्यात जागा घ्यायची असं ठरलं, कारण तिकडे आपल्या खानदेशातली माणसं पुष्कळ. खोली फोनवरच ठरली. घरमालकीण म्हणजे आमच्याच बाजूची एक म्हातारी विधवा. तिची लेकरं आपापल्या संसाराला दूर गेलेली, आणि ती खाली एकटीच राहायची. ह्यांनी तिला फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "मावशी, आमच्यासोबत एक कुत्रं आहे बरं का."

"राहू दे ना," ती म्हणाली होती. "दारात एखादं कुत्रं बरंच."

दिल्लीहून सुरतेच्या गाडीत त्याला गार्डच्या डब्यातल्या लोखंडी पेटीत ठेवावं लागलं. मोठं स्टेशन आलं की हे पाण्याची बाटली घेऊन प्लॅटफॉर्मवरून धावत शेवटापर्यंत जायचे आणि गाडी सुटता सुटता परत यायचे. प्रत्येक वेळी मी विचारायची, "कसा आहे?" आणि हे म्हणायचे, "बसलाय." फौजेतल्या माणसाचं बोलणं एवढंच असतं. पण एका स्टेशनावरून परत आले तेव्हा त्यांच्या बाहीला लाळ लागलेली होती, आणि ती त्यांनी पुसली नव्हती.

सुरतेत उतरलो तर जानेवारीतली दुपार, आणि माणसं नुसत्या शर्टावर फिरत होती. मी अंगातला कोट काढला, मग स्वेटर काढला. त्याला बिचाऱ्याला काय काढता येणार? तो टेम्पोत सामानावर बसून जीभ बाहेर काढून धापा टाकत होता. गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत टेम्पो शिरला आणि सगळीकडून खटखट खटखट असा आवाज यायला लागला. लूम्सचा आवाज. घराघरांच्या खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतात तिथे. तो कान पाडून माझ्या पदरात तोंड खुपसायला लागला.

घरमालकीण दारात उभी होती. काष्ट्याचं लुगडं, नाकात नथीऐवजी बारीकशी मुरणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. टेम्पोचं फळकूट खाली पडलं आणि त्याने उडी मारली. म्हातारी दोन पावलं मागे सरकून थेट उंबऱ्यात गेली.

"ओ माय वं! हाई कुत्रं शे का आस्वल?"

किती वर्षांनी मी अहिराणी ऐकली होती! एवढ्या धांदलीत मला हसू आलं, आणि ते तिने पाहिलं. तिला वाटलं मी तिलाच हसतेय. झालं. आमची सुरुवातच चुकली.

"फोनवर कुत्रं म्हटलं होतं तुम्ही," ती ह्यांना म्हणाली.

"कुत्रंच आहे मावशी. शांत आहे."

"शांत तर डोंगरबी राहतो. तो काय घरात घेता येतो का?" शेवटी सामान उतरलेलं बघून तिचं मन थोडं पाघळलं. संक्रांत होईपर्यंत राहा, म्हणाली. कुत्रा गच्चीवर, जिन्यात नाही, ओट्यावर तर मुळीच नाही. आणि संक्रांत झाली की दुसरी जागा बघा.

पहिले दिवस वाईट गेले. हे पहाटे मिलच्या बसने पलसाण्याला निघून जायचे आणि मी त्या नव्या खोलीत एकटी. शेजारणी चांगल्या होत्या, पण कुणी गुजराती बोलायचं, कुणी हिंदी, आणि लहान पोरं तर एका वाक्यात तिन्ही भाषा. माझी मराठी ऐकून कुणी विचारायचं, "कौनसा गाव?" मी सांगितलं की म्हणायचे, "अरे, मग अहिराणी बोला ना." आणि इतक्या वर्षांच्या छावण्यांमध्ये माझी अहिराणी गेलेली. शब्द तोंडापर्यंत यायचे आणि हिंदी होऊन बाहेर पडायचे.

गच्चीवर त्याने स्वतःची सोय लावून घेतली होती. पाण्याच्या टाकीची सावली जशी सरके तसा तो सरकायचा. दुपारी टाकीच्या भिंतीला पोट चिकटवून पडायचा. थंडी कशी ती नाहीच, आणि खालून दिवसभर लूम्सची खटखट. रात्री तरी गार वारं सुटायचं, तेव्हा तो उठून कठड्याशी जायचा आणि दोन पाय वर ठेवून उत्तरेकडे बघत उभा राहायचा. ती उत्तर दिशा होती हे मी मुद्दाम ह्यांना विचारून घेतलं. हे म्हणाले, "तिकडून वारा येतो म्हणून उभा राहतो. उगाच काहीबाही मनात आणू नको." पण असं म्हणून हेसुद्धा त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभे राहिले.

ह्यांचंही काही खरं नव्हतं. इतकी वर्षं बर्फात, दरडींवर, बंदूक घेऊन काढली, आणि आता मिलच्या गेटवर ट्रक मोजणं. संध्याकाळी घरी आले की कपड्यांना रंगांचा आणि वाफेचा एक वास यायचा. तो कुत्रा रोज धावत येऊन बुटांना नाक लावायचा आणि शिंकायचा. पुन्हा वास घ्यायचा, पुन्हा शिंकायचा. मग वर ह्यांच्या तोंडाकडे असा बघायचा, की माणूस तर तोच आहे, मग हे काय लावून आलाय? त्या वेळी हे हसायचे. दिवसातून तेवढंच हसायचे.

संक्रांत आली. सुरतेत तिला उत्तरायण म्हणतात, आणि ती काय असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळपासून अख्खं गाव गच्च्यांवर. पतंगांनी आकाश भरलेलं, गच्चीगच्चीवर मोठाले स्पीकर, पतंग कापला की थाळ्या आणि पिपाण्या. खाली उंधियू आणि जिलबीच्या दुकानांपुढे रांगा. ह्यांची नेमकी ड्यूटी. मिल बंद असली तरी पहारा बंद नसतो. मी त्याला टाकीच्या मागे पट्ट्याने बांधून त्याच्याजवळच बसले होते. दुपारभर तो थरथरत माझ्या मांडीला चिकटून राहिला. ऊन उतरलं तसे लोक फटाके उडवायला लागले. शेजारच्या गच्चीवर एक मोठा बॉम्ब फुटला आणि त्याने असा काही हिसका दिला की पट्टा मानेतून निसटला. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत तो जिना उतरून गेला.

मी चपला न घालता धावले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर डावीकडे माणसं, उजवीकडे माणसं, आणि तो कुठेच नाही. मला रस्ते माहीत नव्हते. कुणाला काय विचारावं तेही कळेना. मी तिथेच उभी राहून रडायला लागले. मोठी बाई मी, लेक नर्सिंगला असलेली, आणि भर रस्त्यात रडतेय.

तेवढ्यात मागून किल्ल्यांचा आवाज आला. मावशी. घराला कुलूप घालून, एका हातात स्वतःची काठी आणि दुसऱ्या हातात माझ्या चपला घेऊन आली होती.

"पायात घाल आधी. काचा असतात," म्हणाली. "आणि रडू नको. एवढा मोठा तो. कोण पळवील त्याला? उचलणार तरी कसा?"

त्या संध्याकाळी मला कळलं की आमची घरमालकीण काय चीज आहे. पानवाल्याला गुजरातीत, रिक्षावाल्याला हिंदीत, भाजीवालीला अहिराणीत, ती एकच प्रश्न विचारत पुढे चालली होती. "काळुं मोटुं कूतरुं जोयुं? आस्वल जेवढं?" आणि हात छातीपर्यंत नेऊन उंची दाखवायची. मग हळूहळू हात खांद्यापर्यंत जायला लागला. कुणी म्हणालं लिंबायतच्या बाजूला गेला, कुणी म्हणालं नाही, कालव्याकडे. एकाने सांगितलं की त्याने अस्वल पाहिलं, आणि तो अगदी खरं बोलत होता. गुडघे दुखतात म्हणून जी बाई जिना चढायची नाही, ती काठी टेकत कालव्याच्या रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आली. मध्येच एकदा थांबून धाप लागली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुम्ही बसा इथे, मी जाते."

"तुले रस्ता ठाऊक शे का?" तिने विचारलं, आणि पुढे चालायला लागली.

कालव्यापलीकडे एक नवी उंच इमारत होती. तिच्या गेटपाशी वॉचमनची पत्र्याची केबिन. केबिनपुढे स्टुलावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता, आणि त्याच्या दोन्ही पावलांवर हनुवटी टेकून आमचे महाराज पसरले होते. शेजारी भाताची रिकामी थाळी. वर फटाके वाजत होते तरी तो हलत नव्हता. मला पाहिल्यावर त्याने शेपटी जमिनीवर आपटली, पण उठला नाही. मी तिथेच खाली बसले आणि त्याच्या आयाळीत तोंड घातलं.

"भाभीजी, आपका है?" तो माणूस म्हणाला. "ये यहाँ का नहीं है. ये तो हमारे पहाड़ का है."

तो कुमाऊंचा होता. आमच्या छावणीपासून एका दिवसाच्या वाटेवरचं त्याचं गाव. कुत्रा घाबरून रस्त्यावरून धावत चाललेला पाहिला, आणि गावाकडे जशी हाक मारतात तशी त्याच्या तोंडून आपसूक हाक निघाली. आपल्या बोलीत. किती तरी वर्षांत ती हाक त्याने मारली नव्हती, असं तो म्हणाला. आणि तो धावणारा कुत्रा रस्त्याच्या मधोमध थांबला, वळला आणि सरळ त्याच्याकडे आला. पिल्लू असताना छावणीच्या आसपासच्या मेंढपाळांच्या तोंडची हाक त्याच्या कानात कुठेतरी राहिली असणार. आम्ही त्याच्याशी हिंदी-मराठीत बोलायचो. तो ज्या बोलीत जन्मला होता ती त्याला ह्या कालव्याच्या काठी ऐकू आली.

डोंगरात मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात हे मला तिथे राहून माहीत होतं. मी म्हटलं, "दाज्यू, तुमचे उपकार झाले." त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मावशीला यातलं काही कळलं नव्हतं, पण तिने आपल्या कनवटीची तिळाची वडी काढून अर्धी त्याला दिली, अर्धी कुत्र्याला दिली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला घरी देते."

दुसऱ्या दिवशी हे तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. शिस्तीचा माणूस. "मावशी, संक्रांत झाली. आम्ही जागा बघायला लागतो."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोन जाई राह्यनं? माले कोनी सांगेल नही."

तो विषय तिथेच संपला. कुत्रा गच्चीवरून जिन्यात आला, आणि आठवडाभरात जिन्यातून ओट्यावर.

दाज्यू दर रविवारी सुट्टीच्या वेळेत यायला लागला. चहा घ्यायचा, कुत्र्याशी डोंगरी बोलीत काहीबाही बोलायचा आणि त्याला कालव्याच्या कडेने फिरवून आणायचा. ह्यांचं आणि त्याचं जमलं. दोघांना त्याच त्या घाटाची वळणं, तेच पूल, तीच चहाची टपरी माहीत. बाकी गल्लीला काही कळायचं नाही अशा गप्पा मारत दोघं ओट्यावर बसायचे, आणि त्यांच्या मधे तो काळा ढीग झोपलेला. एकदा दाज्यूने पोंक आणला. हिवाळ्यात सुरतेत ज्वारीची कोवळी कणसं भाजून विकतात, आपल्याकडचा हुरडाच तो. मावशी म्हणाली, "हा तर आपला हुरडा, यात काय सुरतेचं?" आणि सगळ्यांपेक्षा जास्त तिनेच खाल्ला.

मला मावशीने कामाला लावलं. गल्लीतल्या बाया दुपारी ओट्यावर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करतात. मार्केटमधून गठ्ठे येतात, गोंदाच्या नळीने ठिपका द्यायचा आणि त्यावर टिकली ठेवायची. हाताला सवय झाली की गप्पा मारत मारत होतं. माझी गेलेली अहिराणी त्या ओट्यावर परत आली. आधी चुकायची, बाया हसायच्या, मग त्याच दुरुस्त करायच्या.

फेब्रुवारी उतरायला लागला तशी त्याची हिवाळी लोकर झडायला लागली. डोंगरात ती झडायची तेव्हा वाऱ्यावर जायची, आम्हाला कधी जाणवलं नव्हतं. इथे ती कुठे जाणार? एके दिवशी मलई रंगाच्या साड्यांचा अख्खा गठ्ठा मार्केटमधून परत आला. प्रत्येक टिकलीखाली गोंदात एकेक काळा केस. माल घेऊन आलेला माणूस साडी उन्हात धरून दाखवत होता आणि मावशीचा चेहरा लाल होत चालला होता.

"ह्या साड्या काय आस्वलन्या शेतस का?" ती माझ्यावर कडाडली.

कोपऱ्यातली एक जण फिसकन हसली, आणि तिच्यामागून सगळ्या. मावशीने हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण तिचं पोट हलायला लागलं. चिमटे घेऊन आम्ही सगळ्या बसलो आणि एकेक केस काढला. तो शेजारी झोपलेला, आणि झोपेत पाय झाडून आणखी केस उडवत होता. त्यानंतर रोज सकाळी गच्चीवर नेऊन मी त्याला विंचरायला लागले. पिशव्याच्या पिशव्या लोकर निघायची. थोडी मुद्दाम कठड्यावर ठेवायची मी. साळुंक्या येऊन चोच भरभरून न्यायच्या.

होळी झाली आणि ऊन तापलं. मार्चच्या शेवटाला तर दमट उकाड्याने आमचाच जीव जायला लागला, तिथे त्याचं काय! खाणं कमी झालं. दिवसभर नुसत्या धापा. जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने समजावून सांगितलं की केस भादरू नका, त्यानेच त्याचं उन्हापासून रक्षण होतं. विंचरत राहा, पहाटेच फिरवा, गार जमीन द्या, पाणी भरपूर ठेवा. जाताना म्हणाला, "थंड प्रदेशात कुणाकडे ठेवता आला तर बघा मात्र."

त्याच सुमारास दाज्यूची सुट्टी ठरली. एप्रिलच्या मध्यात तो गावी जाणार होता. रविवारी ओट्यावर बसून तो जरा अडखळतच ह्यांना म्हणाला, "साहब, मैं ले जाऊँ इसको? वहाँ हमारा घर है, माँ है. अभी भी ऊपर बर्फ होगी."

आत आल्यावर हे मला म्हणाले, "त्याचा विचार केला पाहिजे. आपला नाही." मी मान डोलावली. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी त्याला सोडू नका म्हटलं होतं. पण मी त्याच्या धापा बघत नाहीये. तुम्ही बघताय. तुम्हीच ठरवा." पोर मोठी झाली होती.

ठरलं. हे त्याचं तिकीट, पेटी सगळं विचारून आले. मावशीला सांगितलं तेव्हा ती "बरं," म्हणाली. दुपारभर टिकल्या मात्र भराभर चिकटवत होती, आणि निम्म्या वाकड्या. मी त्याचा कंबल धुतला. तिकडे गेल्यावर मळणारच होता, तरी धुतला. त्याच्या पट्ट्याला तेल लावलं. ओट्यावर त्याला विंचरत बसले की हाताला तीच ती गाठ लागायची, कानामागची, जी कधीच सुटत नाही. ती मी कापली नाही.

निघायच्या दोन दिवस आधी दाज्यू संध्याकाळीच आला. रविवार नसताना. चहा नको म्हणाला. जिन्याच्या पायरीवर बसला आणि कुत्रा त्याच्याजवळ जाऊन बसला.

"भाभीजी, माँ से बात हुई," तो म्हणाला. "मैंने बताया कुत्ता ला रहा हूँ. माँ हँसने लगी. बोली, किसके लिए ला रहा है? मेंढरं विकून टाकली." शेवटचं वाक्य तो मराठीत म्हणाला, आमच्याकडून उचललेल्या मराठीत. मग पुन्हा हिंदीत त्याने सगळं सांगितलं. गावात आता चारदोन घरंच उघडी आहेत. बाकी सगळी कुलपं. माणसं दिल्लीला, लुधियान्याला, इकडे सुरतेला. तो स्वतः दोन महिन्यांनी परत येणार. मग त्याच्या मागे त्या कुत्र्याला कोण बघणार? आई स्वतःचं पाणी भरू शकत नाही. आणि कुत्रा मोकळा दिसला की वाघरू उचलून नेतं. "बर्फ तो है वहाँ," तो म्हणाला, "आदमी नहीं है. मैं अपने मन के लिए ले जा रहा था. इसके लिए नहीं."

ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला कळत नव्हतं.

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. आता तिला दाज्यूचं हिंदी चांगलं कळायचं. ती काठी टेकत आत गेली आणि आतून भांडी सरकवल्याचा आवाज यायला लागला. आम्ही गेलो तर ती मोरीशेजारच्या बोळातून पापडाचे डबे, जुनी सुपं, लोणच्याच्या बरण्या एकेक करून बाहेर काढत होती.

"हे काय करताय?"

"खाली पाण्याची टाकी शे ना," ती म्हणाली. "वरची फरशी बारा महिने गार. मन्हं लोणचं दुसरीकडे राहील."

मी हात लावून बघितलं. खरंच गार होती. हे आणि दाज्यू कामाला लागले. बोळ रिकामा झाला, धुऊन काढला, ओलं पोतं आडवं लावलं. तो आला, फरशीचा वास घेतला, गोल फिरला आणि पोट पसरून पडला. लांब सुस्कारा सोडला. मावशी म्हणाली, "बघ. एवढी अक्कल त्याला शे. तुम्हाले नही."

दाज्यू एकटाच गावी गेला. उन्हाळा आम्ही तसाच काढला. पहाटे अंधारात हे त्याला कालव्यापर्यंत फिरवून आणायचे, दिवसभर तो त्या फरशीवर, संध्याकाळी ओट्यावर. सोपं नव्हतं. काही दुपारी त्याच्या धापा ऐकून मी ओला पंचा घेऊन त्याच्याजवळच बसून राहायची. पण तो खायला लागला, आणि पाऊस लागल्यावर तर पुन्हा पहिल्यासारखा झाला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशी तिच्या गावी गेली होती. माहेरवाशिणींचा सण तो आमच्याकडचा, म्हातारपणीसुद्धा भावाकडे जायचंच. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. दूधवाला आला का, मोटर चालू करून टाकी भरली का, शेजारणीचं बाळ कसं आहे, असं सगळं विचारून झालं. मग जरा थांबून म्हणाली, "जेवना का तो?"

"जेवला," मी म्हटलं.

"फोन दे त्याला."

मी फोन त्याच्या कानाशी धरला. ती पलीकडून काय बोलली मला नीट ऐकू आलं नाही, पण बरंच बोलली. तो मान वाकडी करून ऐकत होता. अहिराणी आता त्याला माझ्यापेक्षा चांगली येते.

आता आमचा इथला दुसरा हिवाळा चालू आहे. दाज्यू परत आला, त्याच गेटवर आहे. येताना त्याने आईच्या हातचं भांगेच्या बियांचं मीठ आणलं, ते मावशीने पोंकावर घालून पाहिलं आणि नाक मुरडलं, आणि मग बरणी आपल्याच फळीवर ठेवून दिली. लेक दिवाळीत येऊन गेली. पहिल्या दिवशी तो तिच्यापुढून हलेना, दुसऱ्या दिवशी सवयीने खाली मावशीकडे झोपायला गेला. लेकीला थोडं लागलं ते. मी तिला म्हटलं, तुझंही असंच होईल, नाशिकला.

आज पहाटे वारा सुटला होता. हे त्याला फिरवायला निघाले तर अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, वर कानटोपी. बर्फात पहारे केलेला माणूस! मी म्हटलं, "अहो, सुरत आहे ही."

"सुरतेचीच थंडी वाजतेय," हे म्हणाले. पट्ट्याला ओढ लागली होती. तो केव्हाचा ओटा उतरून गल्लीत पोचला होता.